यकृताचे राखणदार थकतात तेव्हा

"रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणतात, पण मला तर काहीच होत नाही." हिपॅटायटिस बी, म्हणजे आपण ज्याला 'कावीळ ब' म्हणतो, ती निघालेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. सटाण्यात कोणाला ते भीमजयंतीच्या रक्तदान शिबिरानंतर कळते, कोणाला गरोदरपणाच्या तपासणीत, कोणाला हर्नियाच्या ऑपरेशनआधी. डोळे पिवळे नाहीत, भूक लागते, कांद्याच्या चाळीवर दिवसभर गोण्या भरल्या तरी काही वाटत नाही. घरातले म्हणतात, मशीन चुकले असेल. रिपोर्ट कपाटात जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बी घेऊन जगत होते, आणि सुमारे ५५ लाख लोक हिपॅटायटिस सी घेऊन. यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही, कारण त्यांनाही काही होत नाही. अंगात विषाणू असून काहीच का जाणवत नाही, हे या वेळी समजून घेऊ. त्याचे उत्तर विषाणूच्या ताकदीत कमी आणि आपल्याच पेशींच्या थकव्यात जास्त आहे. थकवा हा शब्द सोपे करून सांगण्यासाठी घेतलेला नाही. शास्त्रज्ञांनीही या अवस्थेला हेच नाव दिले आहे.

डोळे पिवळे कशाने होतात

पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांखाली, साधारण दीड किलोचे यकृत असते. हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तातून येऊन यकृताच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. पण तो त्या पेशीला सहसा मारत नाही. भाडेकरू घर पाडत नाही, तसेच.

त्या पेशी मारतात आपल्याच पांढऱ्या पेशी. त्यांच्यातल्या एका जातीला 'टी पेशी' म्हणतात. विषाणू आत बसला की त्याचे बारीक तुकडे यकृताच्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर दिसू लागतात. एक टी पेशी ठरावीक तुकडाच ओळखते. ओळख पटली की ती वाढते, एकीच्या हजारो होतात. मग त्या विषाणू असलेल्या पेशी फोडतात आणि सोबत इंटरफेरॉन गॅमासारखी रसायने सोडतात. त्या रसायनांमुळे शेजारच्या पेशींतला विषाणू पेशी न मरताच दबतो. बऱ्याच पेशी एकदम फुटल्या की रक्तात एसजीपीटी वाढतो, पित्ताचा पिवळा रंग बाहेर टाकणे यकृताला जमत नाही, आणि डोळे व लघवी पिवळी होते.

म्हणजे पिवळे डोळे ही लढाई चालू असल्याची खूण आहे. मोठ्या वयात लागण झालेल्या १०० माणसांपैकी ९५ हून अधिक जण साधारण सहा महिन्यांत हा विषाणू हटवतात. कोणाला कावीळ होते, कोणाला कळतही नाही. काम झाले की बहुतेक टी पेशी मरून जातात आणि थोड्या अनुभवी पेशी पुढच्या वेळेसाठी मागे राहतात. क्वचित ही लढाई इतकी जोरात होते की यकृतच बंद पडते. म्हणून काविळीच्या माणसाला गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

राखण संपतच नाही तेव्हा

बागलाणात डाळिंब उतरायला आले की रात्री बागेची राखण करावी लागते. आठ-दहा रात्रींचा प्रश्न असतो, माणूस जागतो. पण तीच राखण वीस वर्षे, एकाही रात्रीची सुट्टी न घेता करायची म्हटली तर? काठी हातात राहील, पण उगारली जाणार नाही.

विषाणू सहा महिन्यांत गेला नाही की टी पेशींचे असेच होते. समोर रोज, दर क्षणाला, विषाणूचे तुकडे. त्यात या विषाणूची आणखी एक युक्ती आहे. शेतकरी पाखरांना फसवायला शेतात एक बुजगावणे उभे करतो. हा विषाणू एका खऱ्या कणामागे हजारो, कधी लाखभरही पोकळ कण रक्तात सोडतो. त्यांत नुसते बाहेरचे कवच असते, आत काही नाही. आपल्या शरीराची प्रतिपिंडे त्या बुजगावण्यांवरच खर्च होतात. एचबीएसएजी नावाची तपासणी हेच कवच शोधते, म्हणून ती स्वस्तात आणि थोड्या वेळात होते.

टी पेशी एकदम कोसळत नाही. आधी तिची वाढून अनेक होण्याची शक्ती जाते. बाधित पेशी फोडण्याची ताकदही सुरुवातीलाच घटते. मग ती सोडत असलेली रसायने एकेक करून कमी होतात, आणि सगळ्यात शेवटी इंटरफेरॉन गॅमाही आटते. त्यानंतर अनेक पेशी मरूनच जातात. या सगळ्या काळात पेशीच्या अंगावर एक ब्रेक वाढत जातो. त्याचे नाव पीडी-१. हा ब्रेक वाईट नाही. निरोगी माणसातही टी पेशी कामाला लागल्या की तो थोडा वेळ लागतो, नाहीतर त्या काम संपल्यावरही मारतच सुटतील. जुन्या आजारात तो लागतो आणि सुटतच नाही.

शरीर असे का करते? विचार केला तर त्यात शहाणपण आहे. विषाणू यकृताच्या बहुतेक पेशींत पसरला असेल आणि टी पेशी पूर्ण ताकदीने लढत राहिल्या, तर विषाणूआधी यकृतच संपेल, आणि यकृताशिवाय माणूस काही दिवसही काढू शकत नाही. म्हणून शरीर तडजोड करते. त्यातही यकृत हा मुळातच सबुरीचा अवयव आहे. त्याला मिळणारे बरेचसे रक्त आतड्यातून येते आणि त्यात रोजच्या भाजी-भाकरीतले हजारो परके कण असतात. प्रत्येक कणावर तुटून पडायचे म्हटले तर जेवणच अंगावर येईल. त्यामुळे तिथे ब्रेक लवकर लागतात, आणि विषाणूला हे घर सोयीचे पडते.

पण तडजोड अर्धवट असते, आणि इथेच धोका आहे. राखणदार पूर्ण झोपत नाहीत. अधूनमधून उठतात, थोड्या पेशी फोडतात, पुन्हा गळतात. विषाणू जात नाही, मात्र फुटलेल्या जागी व्रण पडत राहतो. वीस-तीस वर्षांत व्रणावर व्रण चढून यकृत टणक होते. त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. हिपॅटायटिस बीमध्ये तर सिऱ्होसिस न होताही कर्करोग होऊ शकतो. हे सगळे कपाटातल्या त्या रिपोर्टच्या काळात, काहीही न दुखता घडते.

लहान बाळाची गोष्ट

जन्मताना आईकडून लागण झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० बाळांत विषाणू कायमचा मुक्काम करतो. मोठ्या माणसात हेच प्रमाण १०० मध्ये ५ हूनही कमी. विषाणू तोच, फरक वयाचा. बाळाच्या टी पेशी अजून शिकत असतात, आणि जन्मापासून जे समोर आहे ते आपलेच असेल, असे धरून त्यांना फार भांडायचे नसते. पुढे विशी-तिशीत कधीतरी त्या जाग्या होतात, पण तोवर विषाणूने यकृत व्यापलेले असते आणि वर सांगितलेली अर्धवट लढाई सुरू होते. एकाच घरात आई आणि तीन भावंडे पॉझिटिव्ह निघाली की लोक त्याला खानदानी आजार म्हणतात. तो रक्तातून आला हे खरे, पण वारशाने नाही. पहिल्या दिवशीची लस वेळेवर मिळाली असती तर बहुतेक वेळा तो थांबला असता.

हे गरिबाघरचेच दुखणे आहे असेही नाही. अमिताभ बच्चन १९८२ साली 'कुली'च्या शूटिंगमध्ये जखमी झाले तेव्हा त्यांना सुमारे २०० दात्यांचे रक्त चढवले गेले. त्यातून हिपॅटायटिस बी झाला आणि तो जवळपास दोन दशकांनी नेहमीच्या तपासणीत कळला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता, असेही ते सांगतात. ज्यांच्या दाराशी डॉक्टर उभे असतात त्यांना कळायला इतकी वर्षे लागली, तर आपल्याला 'काही होत नाही' या भरवशावर कसे राहता येईल?

थकवा कोणी शोधला

हे सारे आधी उंदरांत दिसले. उंदरांना होणाऱ्या एका जुनाट विषाणूत टी पेशी हजर असतात पण काम करत नाहीत, हे १९९८ च्या सुमारास अमेरिकेत रफी अहमद यांच्या गटाने दाखवले. अहमद हे मूळचे हैदराबादचे. पीडी-१ हा ब्रेक मात्र त्याआधीच, १९९२ मध्ये, जपानच्या क्योटोमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला होता. २००६ मध्ये अहमद यांच्या गटाने दोन्ही धागे जोडले. हा ब्रेक औषधाने अडवला की उंदरातल्या थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, असे दिसले. ब्रेक सोडवण्याच्या या कल्पनेवर आज अनेक कर्करोगांची औषधे उभी आहेत आणि २०१८ चे नोबेल होंजो व जेम्स अ‍ॅलिसन यांना त्यासाठीच मिळाले.

मग तेच औषध कावीळ ब ला का देत नाहीत? तडजोड आठवा. सगळे राखणदार एकदम उठवले तर ते यकृतावरच तुटून पडण्याची भीती. त्यावर जगभर संशोधन चालू आहे, पण आज दवाखान्यात मिळणारा तो उपाय नाही. त्यामुळे कोणी 'टी सेल वाढवणारे इंजेक्शन' म्हणून काही विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

टॉनिक, काढा आणि काविळीची माळ

'प्रतिकारशक्ती वाढवा' असे लिहिलेल्या बाटल्या सटाण्यापासून नामपूरपर्यंत दुकानोदुकानी दिसतात. थकलेल्या टी पेशीला अशक्तपणा आलेला नसतो. तिचा ब्रेक लागलेला असतो. ब्रेक लागलेल्या ट्रॅक्टरमध्ये कितीही डिझेल ओतले तरी तो हलणार नाही. उलट इजा होऊ शकते. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही सांगायला हवे. आमचे मत विचाराल तर, ज्याचे यकृत आधीच आजारी आहे त्याने डॉक्टरला न विचारता कोणताही काढा घेऊ नये.

माळेचे काय? काविळीची माळ गळ्यात घालतात आणि ती वाढत गेली की कावीळ उतरली म्हणतात. दोऱ्यात ओल्या मुळांचे तुकडे अशा गाठीने ओवलेले असतात की ती वाळली की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरी लांबेल. हात धुतल्यावर पिवळे पाणी निघते, त्यातही आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो आणि पाण्यात चुना असतो. तरी लोकांना गुण येतो, कारण दूषित पाण्याने होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळ घेऊन जाते. बी आणि सी मध्ये मात्र डोळ्यांचा पिवळेपणा उतरला म्हणजे विषाणू गेला असे होत नाही. कधीकधी राखणदार दमून बसले, एवढाच त्याचा अर्थ असतो. ते कळते फक्त रक्त तपासून.

गोळीने काय होते

टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही हिपॅटायटिस बीची गोळी विषाणूच्या नव्या प्रती निघू देत नाही. यकृताच्या पेशीच्या गाभ्यात लपलेल्या मूळ प्रतीपर्यंत ती पोहोचत नाही, म्हणून बहुतेकांना ती अनेक वर्षे, कधी आयुष्यभर घ्यावी लागते. पण रक्तातला विषाणू दबला की व्रण पडणे थांबते, पडलेले काही भरूनही येतात, कर्करोगाचा धोका कमी होतो. टी पेशींनाही थोडी उसंत मिळते. दीर्घकाळ गोळी घेतलेल्यांत त्यांची ताकद काही अंशी परतल्याचे दिसले आहे.

ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दबलेला विषाणू एकदम उसळतो, टी पेशीही एकदम उठतात आणि यकृत धोक्यात येते. मजुरीला दुसऱ्या जिल्ह्यात जायचे असेल, तर निघण्याआधी पुरेशा गोळ्या मागून घ्या. उलट पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला गोळी लागतेच असेही नाही. एसजीपीटी, विषाणूचे प्रमाण सांगणारी व्हायरल लोड तपासणी आणि सोनोग्राफी पाहून डॉक्टर ठरवतात. ज्याला आज गोळी नाही त्यालाही दर सहा महिन्यांनी तपासणी आहेच. दारू मात्र पूर्ण बंद. ती व्रणांना खतपाणी घालते. बुरशी लागलेली मका किंवा शेंगदाणे निवडून, धुऊन खाणेही नको. त्या बुरशीचे विष आणि हा विषाणू मिळून यकृताच्या कर्करोगाचा धोका फार वाढवतात.

हिपॅटायटिस सीची गोष्ट वेगळी आणि बरी आहे. साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी १०० पैकी ९५ हून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. तरीही, विषाणू गेल्यावर टी पेशी पूर्णपणे पूर्वीसारख्या होत नाहीत. थकव्याच्या खुणा त्यांच्या आत शिल्लक राहतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले. सीला लसही नाही. म्हणून बरा झालेला माणूस पुन्हा दूषित सुईच्या वाटेला गेला, तर त्याला पुन्हा लागण होऊ शकते.

वेगळे ताट

पॉझिटिव्ह निघाल्यावर काही घरांत पहिले काम होते ते त्या माणसाचे ताट-पेला वेगळा करण्याचे. ताट वेगळे ठेवण्याचा आणि पाणवठा तोडण्याचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. चवदार तळ्याचे पाणी आपल्या आजा-पणजांनी कशासाठी ओंजळीत घेतले, हे दर २० मार्चला आपण मुलांना सांगतो. आणि इथे शास्त्रही तेच सांगते: एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, शेजारी झोपल्याने, खोकल्या-शिंकल्याने हिपॅटायटिस बी किंवा सी होत नाही. लस मिळालेल्या बाळाला आईने अंगावर पाजायलाही हरकत नाही.

वेगळे ठेवायचे ते ब्लेड, वस्तरा, नेलकटर आणि दात घासायचा ब्रश, कारण तिथे रक्त असते. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरतो. सुईचा धोका सर्वांत मोठा. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटिस बीची साथ येऊन अनेक माणसे दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासात त्या साथीचा संबंध नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजशी जुळला. तेव्हा दवाखाना कोणताही असो, सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. सांगायला लाजू नका. साध्या तापाला गोळी पुरत असेल तर सुई मागूच नका. जयंतीला हातावर बाबासाहेबांची सही गोंदवून घेणाऱ्या मुलांनीही सुई नवी आहे का आणि शाई दुसऱ्या कोणासाठी वापरलेल्या वाटीतली तर नाही ना, हे पाहावे.

शरीरसंबंधातूनही बीची लागण होते. नवरा-बायकोपैकी एक पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्याने तपासणी करून घ्यावी. निगेटिव्ह असेल तर लसीचे तीन डोस, पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ते पूर्ण होईपर्यंत निरोध वापरावा. त्यासाठी संसार मोडायचे काही कारण नाही. पॉझिटिव्ह माणसाने रक्तदान मात्र करू नये.

आता कपाटातला तो रिपोर्ट बाहेर काढा. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आधी सटाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात रिपोर्ट दाखवा आणि पुढे व्हायरल लोडसाठी व औषधासाठी कुठे पाठवतात ते विचारून चिठ्ठी घ्या. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जाताना आधार कार्ड आणि जुने सगळे कागद सोबत न्या. घरात एक पॉझिटिव्ह असेल तर आई, भावंडे, जोडीदार आणि मुले, सगळ्यांची एचबीएसएजी करून घ्या. आज पंचविशी ओलांडलेल्या बहुतेकांना बालपणी ही लस मिळालेली नाही. सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ पासून आली.

या लसीने काय साधते, ते तैवानने दाखवले. तिथे १९८४ पासून नवजात बाळांना ती देऊ लागले आणि दहा-बारा वर्षांत ६ ते १४ वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. टी पेशी थकण्याचा प्रश्नच तिथे उरत नाही, कारण विषाणूला मुक्काम करायला जागाच मिळत नाही.

गरोदर बाईची एचबीएसएजी तपासणी पहिल्याच भेटीत करायला सांगा. ती पॉझिटिव्ह असेल आणि विषाणूचे प्रमाण जास्त असेल, तर डॉक्टर शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोविर सुरू करतात. अशा बाळाला जन्मताच लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे वेगळे इंजेक्शनही लागते, तेही शक्यतो १२ तासांत. म्हणून तिचे बाळंतपण कुठे होणार हे आधीच ठरवून तिथे हे इंजेक्शन आहे का, ते आशाताईंमार्फत विचारून ठेवा. आई निगेटिव्ह असली तरी प्रत्येक बाळाला लसीचा पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत मिळायला हवा. पुढचे तीन सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट लसीतून मिळतात. प्रसूती घरी किंवा गाडीतच झाली तर हा पहिला डोस हमखास राहून जातो. तेव्हा बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि लसीच्या कार्डावर हिपॅटायटिस बीच्या पहिल्या रकान्यात तारीख लिहिली आहे ना, हे तिथून निघण्याआधी पाहून घ्या.